येळवस वाचवणारे अप्पा

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बसलिंगप्पा खानापुरे यांना कुणी नुसतं आडत्या म्हटलं, तर ते त्या माणसाला खुर्ची देतात, चहा सांगतात आणि मग शांतपणे समजावतात की आडत आता मुलगा श्रीशैल बघतो, आपण लोकसंस्कृती बघतो. हे सांगताना त्यांचा उजवा हात नकळत ड्रॉवरकडे जातो. ड्रॉवरमध्ये समितीचा गोल शिक्का आहे. 'लोकसंस्कृती जतन व संवर्धन समिती, उदगीर.' समितीला अकरा वर्षं झाली. सभासद सात, अध्यक्ष स्वतः अप्पा, सचिव निवृत्त शिक्षक शंकरप्पा. गणपूर्ती चौघांची. चहा मात्र सातही जणांचा येतो, कारण चहावाला समिती स्थापन झाल्यापासून सातच कप आणतो.

अप्पांची संस्कृतीवरची माया खरी आहे, यात शंका नको. एखादी चाल, एखादं भांडं, एखादी रीत घरादारातून नाहीशी होते म्हटलं की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. फक्त नाहीशी होऊ पाहणारी गोष्ट दिसली की तिला आधी क्रमांक द्यायचा, हा त्यांचा स्वभाव. आडतीच्या जुन्या गोदामात त्यांनी वस्तूंचं दालन उघडलं, तेव्हा सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. आईचं जातं, उखळ, पाटा-वरवंटा, सगळं उचलून नेलं आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली : 'पूर्वी वापरात असलेले.' पाटा तर आदल्या दिवशीच वापरात होता. अप्पांच्या पत्नी महानंदाबाई यांना मिक्सरमधली कारळाची चटणी गोड लागत नाही. त्या दुसऱ्या दिवशी कारळं, मिरच्या आणि लसूण घेऊन गोदामात गेल्या, 'वस्तू हाताळू नयेत' अशा पाटीखाली बसल्या, चटणी वाटली आणि घरी आल्या. अप्पांनी अडवलं नाही. फक्त भेट देणाऱ्यांच्या वहीत त्यांची सही घेतली. नाव महानंदा खानापुरे, व्यवसाय गृहिणी, अभिप्राय : चटणी बरी झाली. आजही त्या महिन्यातून दोनदा दालनाला भेट देतात. वार्षिक अहवालात दर्शकांची संख्या त्यामुळे बरी दिसते.

पुढं समितीनं जात्यावरच्या ओव्यांची स्पर्धा घेतली. नियम अप्पांनी स्वतः तयार केले. वेळ तीन मिनिटं. ओव्यांच्या तीन प्रती आधी द्याव्यात. ओवीत सासू, नणंद, जाऊ व नवरा यांच्याविषयी अनुद्गार नसावेत. देवणीहून साखराबाई नावाची सत्तर वर्षांची बाई आली होती. तिला चारशेच्या वर ओव्या तोंडपाठ होत्या. नियम ऐकून तिनं सांगितलं की सासू, नणंद, जाऊ आणि नवरा काढला तर आपल्याकडं फक्त पीठ उरतं. ती परतीच्या एस.टी.नं निघून गेली. पहिला क्रमांक ग्रामस्वच्छतेवरच्या ओवीला मिळाला.

पण अप्पांचा जीव खरा अडकलेला होता तो येळवसेत.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूरकडचं सगळं गाव उठून शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव चुना लावून मांडायचे, पूजा करायची. सतरा भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. आंबील म्हणजे आंबट ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. ती उभ्या पिकाला शिंपडत, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असं ओरडत शेताला फेरी मारायची. मग बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो नसो.

या आरोळीच्या उगमावर अप्पांनी बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली आहे. तीत कानडी, तेलुगू आणि संस्कृत अशी तीन मतं मांडून चौथं स्वतःचं दिलं आहे. पुस्तिकेमुळं त्यांना भाषणाची बोलावणी येऊ लागली, आणि येळवसेवरचं भाषण कुणीही येळवसेलाच ठेवणार. एका वर्षी नांदेडच्या सभागृहात, एका वर्षी धर्माबादच्या कॉलेजात, एका वर्षी लातूरला बँकेच्या वरच्या मजल्यावर. ज्यांना शेत नाही असे लोक समोर बसत आणि अप्पा आंबिलीचं असं वर्णन करत की सभागृहातली पाण्याची बाटली तेवढ्यात संपे. अशी अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत अप्पा येळवसेला स्वतःच्या शेतात एकदाही गेले नाहीत. देवणी रस्त्यावर चार मैलांवर त्यांची सात एकर जमीन आहे. तिथं मडकं डोक्यावर घेऊन महानंदाबाई जात, सोबत श्रीशैल, सून स्वप्नाली आणि शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं.

मागच्या वर्षी सरकारच्या सांस्कृतिक खात्याचं एक पत्र आलं. लोप पावत असलेल्या लोकपरंपरांची यादी तयार होणार होती. जी संस्था परंपरा जपते तिचं नाव परंपरेच्या शेजारी छापलं जाणार होतं, कायमचं. त्यासाठी खात्याचा अधिकारी येऊन प्रत्यक्ष कार्यक्रम पाहणार आणि अर्जावर शेरा मारणार. अप्पांनी ते पत्र चार वेळा वाचलं, लॅमिनेट केलं आणि मग सभा बोलावली. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना दुसरं काही नको होतं. येळवस, आणि तिच्या शेजारी समितीचं नाव. दुकानाची पाटी मुलाच्या नावे झाली होती. ही पाटी आपली राहील, असं त्यांना वाटत होतं.

सभेत शंकरप्पांनी सुचवलं की 'येळवस महोत्सव' आधीच्या रविवारी ठेवावा. अप्पांना ते रुचलं नाही. परंपरा माणसाच्या सोयीनं चालत नसते, तिथी म्हणजे तिथी, असं त्यांनी ठणकावलं. ठराव आला : महोत्सव येळवसेच्या दिवशीच, सकाळी अकरा वाजता, शाळेच्या मैदानावर. सहाही जणांनी 'हाव' म्हटलं. प्रत्येकाच्या मनात एकच होतं की आपण जरी शेतात गेलो तरी बाकीचे सहाजण आहेतच.

घरी हे सांगितल्यावर महानंदाबाईंनी वांगी चिरता चिरता विचारलं, "त्या दिवशी येणार कोण?"

अप्पा म्हणाले की बायका परंपरेकडं फार वरवर बघतात.

येळवसेच्या सकाळी अप्पा धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून दहालाच मैदानावर हजर झाले. मंडप उभा होता. खुर्च्या दोनशे. मंडपवाल्यानं थर्माकोलची कोप फार सुबक केली होती, तिला चंदेरी किनारही लावली होती. कोपीत पाच गुळगुळीत दगड होते. टेबलावर भज्जी, उंडे आणि खीर यांचे मातीचे नमुने ठेवलेले आणि त्यांवर प्लॅस्टिकची झाकणं. आंबिलीच्या मडक्यात चुन्याचं पाणी, कारण फोटोत ते जास्त पांढरं येतं. सगळं ठरल्याप्रमाणं होतं. माणूस तेवढा एक नव्हता. मंडपवाला खांबाला ध्वनिक्षेपक बांधून सकाळीच निघून गेला होता.

साडेअकराला जीप आली. आरती मॅडम उतरल्या. मूळच्या नाशिककडच्या, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. येळवस हा शब्द त्यांनी पहिल्यांदा अर्जातच वाचला होता. त्यांचा ड्रायव्हर भागवत अहमदपूरकडचा. तो जीपला टेकून उभा राहिला आणि रिकाम्या खुर्च्यांकडं अशा नजरेनं बघत राहिला की जणू त्याला हे कालच ठाऊक होतं.

अप्पांनी मॅडमना पहिल्या रांगेत बसवलं आणि फोन लावायला घेतले. शंकरप्पांचा फोन लागला, पण पलीकडून आधी बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. शंकरप्पा म्हणाले की निघालोच म्हणून समजा, फक्त पानावर बसलोय. मग जरा थांबून म्हणाले की तुम्हीच का येत नाही इकडं, भज्जी लई झालीय. गाणाऱ्या बायकांच्या मंडळातल्या सहाही जणी सहा शेतांत होत्या. त्यांची प्रमुख म्हणाली की गाणं म्हणू की, पण आमच्या बांधावर या, जेवूनच जा. शेवटी अप्पांनी प्रमुख पाहुण्यांना, सोसायटीचे माजी चेअरमन हणमंतराव यांना फोन केला. हणमंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जीप पाठवू का? अप्पांना हायसं वाटलं. साहेब स्वतःच्या जीपनं येतायत असं ते मॅडमना सांगणार, तेवढ्यात हणमंतराव पुढं म्हणाले, "तुमाला आणायला म्हणतो मी. एकटे काय करायलाव तिथं?"

ज्याला ज्याला फोन केला त्यानं अप्पांना जेवायलाच बोलावलं. बारा वाजेपर्यंत त्यांना चौदा ठिकाणचं आमंत्रण झालं होतं.

मॅडमनी घड्याळ बघितलं, अर्ज काढला आणि विचारलं की लोक यायचे आहेत का अजून. आणि इथं अप्पांच्या आडतीतल्या चाळीस वर्षांनी त्यांना हात दिला. माल हलका निघाला तर तोच गुण म्हणून कसा सांगायचा, हे त्यांना कळत होतं. ते उठले, दोनशे खुर्च्यांकडं हात केला आणि खाली मान घालून म्हणाले, "हीच तर आमची व्यथा आहे, मॅडम. बघा. एक माणूस नाही. परंपरा लोप पावली म्हणजे आणखी काय होतं?"

मॅडमच्या चेहऱ्यावर खरी हळहळ उमटली. अर्जात एक रकाना होता : परंपरेची सद्यस्थिती. त्याखाली तीन पर्याय : जिवंत, लोप पावत असलेली, लुप्त. यादीत जायचं तर मधलाच पर्याय लागे. जिवंत असेल तर जपण्याची गरज नाही, मेलेली असेल तर जपायला काही उरलेलं नाही. मॅडमनी पेन मधल्या पर्यायावर नेलं. अप्पा श्वास रोखून पेनाकडं बघत होते. इतक्या वर्षांत मैदान रिकामं राहिल्याचा आनंद त्यांना प्रथमच झाला होता.

पेन टेकण्याआधी मॅडमनी विचारलं की जवळ कुठं जेवण मिळेल का, सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

"आज काय मिळणार न्हाई, मॅडम," भागवत जीपजवळून म्हणाला. "हॉटेलवाले बी गेले असतील."

"कुठे गेले?"

"शेतात. सगळेच शेतात हायती. आज उदगिरात माणूस दिसला तर तो पाव्हणा समजायचा." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा पुढं म्हणाला, "आमच्या घरचे बी गेलेत. ह्या वर्षी माझीच ड्युटी निघाली."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. सगळे म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. भागवतला आकडा सांगता येईना. तो म्हणाला की चला, दाखवतो. अप्पांनी थर्माकोलच्या कोपीसमोर एक फोटो तरी काढू या म्हणून बघितलं. पण उपाशी अधिकाऱ्याला अडवण्याचं बळ त्यांच्या टोपीत नव्हतं. जेवणाची सोय तर करायलाच हवी होती, आणि आपलं म्हणावं असं जेवण त्यांना एकाच ठिकाणी ठाऊक होतं.

देवणी रस्त्याला लागल्यावर मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या आणि अप्पा आत बघू लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, ज्वारीत, हरभऱ्यात, तुरीच्या कडेनं, जिथं नजर जाईल तिथं कोपी आणि कोपींभोवती माणसं. ट्रॅक्टर उभे, मोटरसायकली आडव्या, झाडांना झोके बांधलेले, पुण्याच्या पासिंगच्या मोटारी बांधाला लावलेल्या.  अप्पांनी एकदा घसा साफ करून सांगितलं की हे आपलं खाजगी स्वरूपाचं असतं, संघटित असं काही नसतं.

त्यात आणखी एक अडचण निघाली. रस्ता रुंद झाल्यावर अप्पांच्या शेताकडं वळणारी वाट बदलली होती, आणि नवी वाट अप्पांना माहीत नव्हती. इतर दिवशी श्रीशैलच गाडी चालवतो, अप्पा मागं बसून वर्तमानपत्र वाचतात. विचारायला थांबावं तर सरळ उत्तर कुणी देईना. पहिल्या शेतात एका म्हातारीनं मॅडमचा हात धरून त्यांना खाली बसवलंच. दुसऱ्या शेतात घोंगडीवरचा एकजण "बर्री बर्री, ऊटा माडरी" म्हणत द्रोण घेऊन जीपच्या आडवा आला. कानडी येत नसतानाही 'या, जेवा' हा अर्थ मॅडमना कळला. तिसऱ्या ठिकाणी भागवतनं जीप बंदच करून टाकली आणि आंबिलीचे दोन पेले रिचवून मगच वाट विचारली. अप्पांच्या शेताला लागेपर्यंत मॅडम दोनदा जेवल्या होत्या.

महानंदाबाई कोपीसमोर दूध उतू घालायला चुलीत काटक्या सारत होत्या. नवरा, सरकारी बाई आणि ड्रायव्हर बांधावरून येताना दिसले तशा त्या उठल्या. मॅडमना त्यांनी पाट दिला, भागवतला ताट दिलं आणि अप्पांकडं बघून विचारलं, "वाट सापडली का?"

तिसऱ्यांदा जेवायला मॅडमनी नाही म्हटलं आणि मग दोन वाट्या भज्जी खाल्ली. अप्पाही जेवले. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर त्यांनी भज्जीला 'मिश्र शाकपाक' म्हटलं आहे. ताटात ती आली तेव्हा त्यांनी बोटं चाटली आणि दुसऱ्यांदा वाढा म्हणून ताट पुढं केलं. शेजारच्या चार शेतांतून हसण्याचे, भांडी वाजल्याचे आवाज येत होते.

मग मॅडमनी मांडीवर अर्ज घेतला. त्या म्हणाल्या की हा रकाना मी तुमच्यावर सोडते. तुम्ही अध्यक्ष आहात, या विषयात तुमचा अभ्यास आहे, तुम्ही सांगाल ते मी लिहीन. आणि थांबल्या.

हे अप्पांना अपेक्षित नव्हतं. बाईंनी स्वतः 'जिवंत' लिहिलं असतं तर त्यांना खात्याकडं हरकत नोंदवता आली असती. आता सही त्यांचीच राहणार होती. त्यांनी पिकाकडं बघितलं, कोपीकडं बघितलं. यादीतलं ते पान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. डावीकडं येळवस, उजवीकडं समितीचं नाव. मग ते हळूच म्हणाले, "तसं बघायला गेलं तर, मॅडम... लोपच पावत चाललीय म्हणायची."

चुलीजवळ महानंदाबाईंचा हात थांबला. त्यांनी मागं वळून विचारलं, "काय लोपलं?"

 भागवत ताटाकडं बघत राहिला. स्वप्नालीनं डोक्यावरचा पदर उगीच सारखा केला.

"मॅडम, मी सांगते, लिहून घ्या," महानंदाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चटणीत मीठ किती घालायचं हे सुनेला सांगावं तसा होता. "अकरा वर्षांत ह्या शेतातून एकच माणूस कमी झालाय. बाकीचे वाढलेच हायती. कमी झाला तो हाच, जो आत्ता सांगायलाय. तेवढंच लोपलं म्हणा."

श्रीशैल खाली मान घालून हसला आणि ते अप्पांनी पाहिलं. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. आडतीत एक पद्धत होती. सगळ्यांसमोर पोतं फोडून दाणे हातावर घेतले की त्यानंतर मालाबद्दल खोटं बोलायचं नाही. बोललं तर मोंढ्यात उभं राहता येत नसे. इथं तर पोतं सगळ्या शिवारभर फुटलेलं होतं.

"जिवंत लिहा," अप्पा म्हणाले.

"मग यादीत जाणार नाही."

"ठाऊक आहे." मग राहवलं नाही म्हणून त्यांनी विचारलं की जिवंत परंपरांची काही वेगळी यादी असते का.

मॅडमनी जरा विचार करून सांगितलं की जिवंत असलेल्या गोष्टींसाठी खात्याकडं अजून तरी काही योजना नाही. त्यांनी पहिल्या पर्यायावर खूण केली आणि अर्ज पुढं धरला. अप्पांनी सही केली. शिक्का खिशात आणलेला होता. तो त्यांनी हुंगल्यासारखा तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर मारली आणि अगदी सरळ उमटवला. काम हातचं गेलं तरी शिक्का तिरका उमटू द्यायचा हे त्यांना जमलं नसतं.

महानंदाबाईंनी आंबिलीचं मडकं त्यांच्या हातात दिलं आणि लिंबाची डहाळी वर ठेवली. दरवर्षी फेरी श्रीशैल मारतो, आज घरचा कर्ता माणूस आला आहे तर त्यानं मारावी, एवढंच त्या म्हणाल्या. मॅडम मोबाईल घेऊन मागं निघाल्या. कॅमेरा दिसताच अप्पांमधला वक्ता जागा झाला. पहिल्या सरीपाशी ते थांबले आणि सांगू लागले की या आरोळीच्या उगमाविषयी चार मतं आहेत, पैकी पहिलं कानडी.

"चालत चालत बोला," महानंदाबाईंनी हाक दिली. "आंबील वाळायलीय."

अप्पा चालू लागले. कानडी मत पहिल्या कोपऱ्यापर्यंत पुरलं. ढेकळांतून तेलुगू मताला दम लागू लागला. ज्वारी खांद्याला लागत होती, मडकं जड होतं, धोतराचा सोगा तुरीच्या खुंटात अडकत होता. संस्कृत मताचं पहिलं वाक्य अर्ध्यावर सुटलं. स्वतःच्या मताची तर वेळच आली नाही. दुसऱ्या बांधावर मॅडम मागंच थांबल्या होत्या. अप्पांनी डहाळी मडक्यात बुडवली, पिकावर शिंपडली आणि श्वास भरून ओरडले. आवाज मध्येच चिरकला. पलीकडच्या शेतातून, कोण होतं ते दिसलं नाही, पण तशीच आरोळी परत आली. अप्पा तिथंच उभे राहिले, धाप लागलेले, आंबिलीनं कोपरापर्यंत भिजलेले. मग त्यांनी पुढची सरी धरली. अजून दोन बाजू राहिल्या होत्या.